पाण्यावरचा मुक्काम

पांढुर्णा आणि सौंसर ह्या भागातील माणसास बोट आणि बोटीवरील झोप ह्या गोष्टी परक्या वाटल्या तर त्यात नवल नाही. जाम नदीचे पात्र वर्षातील बराच काळ दगडांचेच असते, आणि ते दगड पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गोटमारीत कोणत्या कामी येतात हे सर्वांस ठाऊक आहे. विहिरीला झरा किती उरला, संत्र्याच्या बागेस उन्हाळाभर ओलीत पुरेल की नाही, अशीच येथील पाण्याची भाषा असते. अशा मुलखात छोट्या मोटारबोटीवर रात्र काढण्याविषयी बोलणे म्हणजे डोंगरावर राहणाऱ्यास भरती-ओहोटीचे कोष्टक वाचून दाखविण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल.

पण हेच पाणी पुढे कोठे जाते हे पाहिले पाहिजे. जाम कन्हानला मिळते. कन्हान नागपूर जिल्ह्यात उतरून पेंचला पोटात घेते आणि आंभोऱ्याजवळ वैनगंगेस भेटते. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा घरात मराठी बोलणारी ही गावे मध्य प्रदेशात राहिली आणि नागपूर मुंबई राज्यात गेले. 2023 मध्ये पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला व सौंसर त्यात आले. ह्या सीमा माणसांनी आखल्या. पाण्याने त्यांची दखल घेतली नाही. पांढुर्ण्यास पडलेल्या पावसाचा काही भाग आंभोऱ्यास पोचतो, आणि तेथे तो गोसीखुर्दच्या विस्तीर्ण जलाशयात थांबतो. भंडारा जिल्ह्यातील ह्या धरणाचे भूमिपूजन 1988 साली पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते झाले. आज त्याच्या 33 दरवाजांमागे मैलोगणती पाणी पसरले आहे.

आंभोरे हे जुने तीर्थ आहे. वैनगंगा, कन्हान, आम, मुरझा आणि कोलारी ह्या पाच नद्यांचा संगम तेथे सांगतात. टेकडीवर चैतन्येश्वराचे मंदिर आहे. मुकुंदराजांनी ‘विवेकसिंधु’ तेथेच रचला अशी विदर्भातील परंपरा आहे. अंबाजोगाईचे लोक ती मानीत नाहीत, आणि तो वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. पूर्वी पैलतीरी जावयाचे तर नावेवाचून गत्यंतर नसे. 2024 मध्ये तारांनी तोललेला मोठा पूल खुला झाला. नावेची गरज अशा रीतीने संपली आणि हौस मात्र वाढली. ज्या पाण्यावरून काल लोक नाइलाजाने जात होते, त्याच पाण्यावर आता मौजेसाठी मोटारबोटीतून फिरतात. सौंसरचे कुटुंब सकाळी निघून नागपूरमार्गे तेथे जाऊ शकते.

दिवसाची फेरी झाली की मनुष्यास रात्रीची इच्छा होते, हा सर्वत्रचा अनुभव आहे. काश्मीरात दल सरोवरावर घरबोटी आहेत. केरळात भात वाहून नेणाऱ्या जुन्या केट्टुवल्लम नावांचीच राहती घरे बनविण्यात आली. आपल्याकडे तारकर्लीस कर्लीच्या खाडीत महाराष्ट्राच्या पर्यटन महामंडळाने घरबोटी आणल्या. परंतु ह्या घरबोटींचा येथे विचार करावयाचा नाही. तेथे नावाडी असतो, आचारी असतो, आणि पाहुण्याने केवळ निजावयाचे असते. वीस ते तीस फूट लांबीची, एका कुटुंबाची, स्वतः हाकावयाची मोटारबोट ही निराळी वस्तू आहे. युरोप-अमेरिकेतील सरोवरांवर शनिवारची रात्र अशा बोटीत काढणे ही सामान्य गोष्ट झाली आहे. तेथे नावाडीही आपणच आणि पहारेकरीही आपणच असतो. आपल्याकडे ही हौस अजून विरळ आहे. म्हणूनच ती रुळण्यापूर्वी तिच्याविषयी बोलून घेतलेले बरे. रूढी पडून गेल्यावर सांगितलेले शहाणपण सहसा कोणी ऐकत नाही.

प्रथम जागेविषयी. प्रत्येक पाणी मुक्कामास मोकळे नसते. पेंचवरील तोतलाडोहाचे पाणी पाहून कोणासही मोह पडेल, परंतु तो जलाशय व्याघ्रप्रकल्पाच्या पोटात आहे आणि तेथे रात्रीच्या मुक्कामाचा विचारही करू नये. ज्या तलावाचे पाणी शहर पिते, त्यात तेल सांडणारे यंत्र असावे काय, हाही प्रश्न आहे. 2023 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने भोपाळच्या मोठ्या तलावात आणि नर्मदेत क्रूझ व डिझेलच्या मोटारबोटी बंद करण्याचा आदेश दिला, तो ह्याच प्रश्नातून. यंत्रावर चालणाऱ्या नावांची तपासणी व नोंदणी 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने आवश्यक केली आहे. 1917 चा जुना कायदा त्यामुळे मागे पडला. तेव्हा बोट नोंदलेली असावी आणि ज्या खात्याचे पाणी असेल त्याची लेखी परवानगी हाती असावी. एवढे सांगून कायद्याचा विषय बाजूस ठेवता येईल, कारण रात्री बारा वाजता कायदा जवळ नसतो.

बोटीतील निजण्याची जागा बहुधा पुढच्या निमुळत्या भागात असते. ती त्रिकोणी असते. उशा रुंद बाजूस आणि पाय टोकाकडे. दोघे निजले तर चारही पावले एकाच कोपऱ्यात जमतात. छत इतके खाली असते की झोपेत दचकून उठणाऱ्याच्या कपाळास पहिल्याच रात्री धडा मिळतो. पण त्याहून नवे असते ते आवाजाचे जग. दिवसा शांत भासणारे पाणी रात्री बोटीच्या बुडावर थापा मारू लागते. दोर ताणतो, करकरतो, सैल पडतो. वारा फिरला की बोटही फिरते, आणि खिडकीतून दिसणारा तारा एकाएकी नाहीसा होतो. नवख्या मनुष्यास प्रत्येक आवाज संकटाचा वाटतो आणि तो डोळाभर झोपत नाही. सरावलेला मनुष्य झोपतो, पण त्याचा एक कान जागा राहतो.

ही झोप पांढुर्णा-सौंसरकडील शेतकऱ्यास समजावून सांगावी लागत नाही. रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी जो जागलीला जातो, मचाणावर घोंगडी पसरून पडतो, तो वाऱ्याने हललेले मक्याचे पान आणि डुकराने हलविलेले पान ह्यांतील फरक झोपेतही ओळखतो. पहिल्या आवाजास तो कूसही बदलीत नाही, दुसऱ्यास उठून बसतो. बोटीवरील झोप ह्याच जातीची आहे. (सौंसरजवळ जामसावळीस मारुतीराय आडवे पहुडलेले आहेत, आणि त्यांच्या दक्षतेविषयी कोणासही शंका आलेली नाही.) मात्र मचाण चार खांबांवर उभे असते, ते जाग्यावरून हलत नाही. बोटीस खांब नाहीत. तिला जागेवर धरून ठेवते ती एकच वस्तू, आणि तिचे मराठी नाव येथील प्रत्येक घरास परिचित आहे: नांगर.

शेताच्या आणि बोटीच्या औतास मराठीने एकच शब्द दिला, हे केवळ आकारावरून झाले असेल. पण दोहोंचे शास्त्रही एकच निघते. बोट नांगराच्या वजनाने थांबते असा सर्वसाधारण समज आहे. तो चुकीचा आहे. लहान बोटीचा नांगर एका माणसास सहज उचलता येतो; वजनावरच भिस्त ठेवली तर मध्यम वाऱ्यातही बोट त्यास फरफटत नेईल. नांगर धरतो तो जमिनीत रुतल्यामुळे. आणि तो केव्हा रुततो? ओढ जमिनीलगत आडवी असेल तेव्हा. बैलांची ओढ योग्य कोनात असली की फाळ मातीत शिरतो, ओढ वर उचलली गेली की तोच फाळ माती खरवडीत वर येतो. हे पाहण्यास शाळेत जावे लागत नाही. पाण्यातही तसेच. दोर आखूड सोडला तर तो नांगरास वर उपटतो. दोर लांब सोडला तर ओढ तळाशी आडवी येते, आणि वारा जितका जोराने ओढील तितका नांगर खोल जातो.

किती लांब, ह्याचा हिशेब ठरलेला आहे. पाण्याची खोली दहा फूट आणि बोटीचे नाक पाण्यापासून तीन फूट उंच असेल, तर तेरा फूट धरावे व त्याची सातपट करावी. म्हणजे सुमारे 91 फूट दोर सोडावा लागेल. दोराच्या खालच्या टोकास काही फूट लोखंडी साखळी असावी. ती आपल्या भाराने ओढ खाली ठेवते आणि दगडावर घासून दोर तुटण्याचे भय टाळते. संपूर्ण साखळीच असेल तर चार-पाच पटींनी भागते. नवखा मनुष्य पाणी दहाच फूट आहे म्हणून पंधरा फूट दोर सोडतो आणि निर्धास्त झोपतो. पहाटे तो दुसऱ्याच तीरावर, बाभळीच्या झुडपांत जागा होतो. तेही त्याचे दैव चांगले असेल तर.

नांगर टाकल्यावर यंत्र हळू उलटे चालवून तो ओढून पाहावा. मग काठावरील दोन वस्तू, समजा एक झाड आणि त्यामागील देवळाचा कळस, एका रेषेत धराव्या आणि दहा मिनिटे पाहत बसावे. रेषा मोडली की नांगर सरकला असे समजून सारे पुन्हा करावे. आता भ्रमणध्वनीवर उपग्रहांच्या साहाय्याने बोट सरकल्याची घंटा वाजविणारी सोय झाली आहे, आणि ती चांगली आहे. पण ती नांगर रुतविण्याचे काम करीत नाही. आणखी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. नांगर नाकाकडूनच बांधावा, मागील बाजूस कधीही नाही. मागची बाजू बुटकी असते आणि यंत्राचा भार तिकडेच असतो. लाटेकडे पाठ करून बांधलेली बोट मागून पाणी घेते, आणि असे भरलेले पाणी बाहेर काढावयास बहुधा वेळ मिळत नाही.

जलाशयाचा तळ समुद्रासारखा नसतो. गोसीखुर्दच्या पाण्याखाली शेते आहेत, बांध आहेत, विहिरी आहेत, गावठाणे आहेत. कित्येक गावांना आपली जागा सोडून पुनर्वसनाच्या वसाहतीत जावे लागले. मौजेच्या बोटीचा नांगर जेथे पडतो तेथे कोणाचे तरी धुरे असू शकतात, हे बोटीवाल्याने विसरू नये. आणि हे केवळ भावनेसाठी सांगितलेले नाही. बुडालेल्या झाडाच्या खोडात, पडक्या भिंतीत नांगर अडकला तर तो सकाळी निघत नाही. अशा जागी नांगराच्या खालच्या बाजूस एक बारीक दोरी बांधून तिचे टोक तरंगत्या डब्यास लावावे. अडकलेला नांगर त्या दोरीने उलट्या बाजूने निघतो. तळाची माहिती नकाशात मिळेलच असे नाही. ती काठावरच्या जाणत्या ढीवराकडे मिळते, आणि त्यास विचारण्यात कमीपणा नाही.

पाण्याची पातळीही रात्रीत स्थिर राहील असे धरून चालू नये. वरच्या खोऱ्यात, म्हणजे कदाचित सौंसरकडेच, जोराचा पाऊस झाला की खालच्या धरणाचे दरवाजे उघडतात. पाणी चढते, उतरते, वाहू लागते. उथळ जागी निजलेला सकाळी चिखलात कललेला सापडतो. म्हणून पावसाळ्यात असा मुक्काम करूच नये. उन्हाळ्याच्या शेवटी वळवाचे भय. दुपारभर तापलेल्या आकाशात संध्याकाळी ढग उभे राहतात आणि पाऊण तासात सारे उलथून टाकतात. मोकळ्या पाण्यावर सर्वांत उंच वस्तू ती बोटच असते, आणि विजेला उंच वस्तू आवडते. पश्चिमेस काळे दिसले की मुक्कामाचा बेत सोडून तीर गाठावा. राहता राहिला हिवाळा. आणि खरोखर हाच काळ ह्या हौसेस योग्य आहे. परंतु हिवाळ्याचे स्वतःचे एक संकट आहे आणि ते सर्वांत मोठे आहे. त्याकडे वळण्यापूर्वी दिव्याविषयी थोडे सांगणे जरूर आहे.

नांगरलेल्या लहान बोटीने रात्री चहूकडून दिसेल असा एक पांढरा दिवा उंच लावावा, असा समुद्रावरील टक्करी टाळण्याच्या 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांचा दंडक आहे. जलाशयावर कोण येणार, असा प्रश्न ज्यास पडतो त्याने रात्री पाणी पाहिलेले नाही. रात्रीच तर ढीवराचा व्यवसाय चालतो. तो डोंग्यातून अंधारात निघतो, जाळे सोडतो, पहाटे ते उचलतो. त्याच्या डोंग्यास दिवा असेलच असे नाही. त्याला बोट दिसली पाहिजे, ही जबाबदारी हौशी माणसाची आहे. केरळात घरबोटींना संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास नांगर टाकावा लागतो, कारण त्यानंतर पाणी मासेमाऱ्यांचे. हा रिवाज फार शहाणपणाचा आहे आणि विदर्भातील जलाशयांवर तो पहिल्या दिवसापासून असावा. एका रात्रीच्या सहलीसाठी फिरत्या पंख्यात कोणाचे जाळे गुंतून फाटले, तर सहल करणारा दुसऱ्या दिवशी घरी जातो आणि जाळ्याचा धनी कित्येक दिवस ते विणीत बसतो.

आता हवेकडे वळू. पाण्यावर निजणाऱ्यास बुडण्याची भीती वाटते. ती रास्त आहे, आणि तरंगणारी जाकिटे प्रत्येकाच्या उशाशी हवीतच. रात्री लघुशंकेस उठलेला, अर्धवट झोपेतील मनुष्य तोल जाऊन पाण्यात पडतो आणि इतरांस कळतही नाही, असे अपघात घडतात; तेव्हा एकट्याने, जाकिटावाचून, बाहेर येऊ नये. पण ही भीती निदान ठाऊक असलेली आहे. जी ठाऊक नाही ती बंद खोलीत उशाशी येऊन बसते.

हिवाळ्यात जलाशयावर थंडी बोचरी असते. मनुष्य खिडक्या लावतो, वरचे झाकण ओढून घेतो, फटींत फडके कोंबतो. मग दिवा, पंखा, विजेची शेगडी चालावी म्हणून जनरेटर सुरू करतो, किंवा यंत्रच चालू ठेवतो. पेट्रोल जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्यास रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील तांबडे द्रव्य प्राणवायूपेक्षा ह्या वायूस दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरते. म्हणून हवेत तो थोडा असला तरी रक्तात तो साचत जातो आणि प्राणवायूस जागा उरत नाही. प्रथम डोके दुखते, मळमळते, गरगरते. बोटीवर नेमका येथेच घात होतो. मळमळ आणि चक्कर म्हणजे बोट लागली असे सर्वजण समजतात, आणि आजाऱ्यास आत नेऊन निजवितात. म्हणजे जेथून त्याला बाहेर काढावयाचे तेथेच त्याला पुन्हा ठेवतात. जो आधीच झोपला आहे त्याला तर डोकेदुखीही जाणवत नाही. तो झोपेतून बेशुद्धीत जातो.

इंग्लंडमध्ये विंडरमियर नावाचे निसर्गरम्य सरोवर आहे. 2013 च्या एप्रिलच्या पहिल्या तारखेस तेथे एका लहान मोटारबोटीत मुक्काम करणारी आई आणि तिची दहा वर्षांची मुलगी ह्यांचा मृत्यू झाला. बोट बुडाली नव्हती, आदळली नव्हती, पेटली नव्हती. सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या ब्रिटिश खात्याने शोध केला तेव्हा कारण निघाले ते असे: विजेसाठी एक सुटा जनरेटर यंत्राच्या कप्प्यात बसविलेला होता, त्याच्या धुराची नळी घरगुती रीतीने जोडलेली होती, आणि तिच्यातून निसटलेला वायू निजण्याच्या खोलीत शिरला होता. सुटा जनरेटर मोकळ्या अंगणासाठी बनविलेला असतो. त्यास बोटीच्या पोटात बसविणे म्हणजे चूल माजघरात आणून धुराडे बुजविण्यासारखे आहे, आणि नळीस कितीही चिकटपट्टी गुंडाळली तरी त्यात फरक पडत नाही.

मोकळ्या हवेत हे भय नाही असेही मानू नये. अमेरिकेतील पॉवेल सरोवरावर 2000 सालच्या ऑगस्टमध्ये दोन लहान भाऊ घरबोटीच्या मागील बाजूस, पोहण्याच्या फळीखालच्या पोकळीत गेले आणि तेथेच गतप्राण झाले. भर दिवसा, उघड्या आकाशाखाली. जनरेटरचा धूर त्या पोकळीत सोडलेला होता. त्यानंतर चौकशा झाल्या, आणि धुराची नळी मागे न सोडता छपराच्या वर उंच नेण्याची पद्धत पुढे आली. नांगरलेली बोट वाऱ्याकडे तोंड करून उभी असते. धूर मागून निघतो. तो वाऱ्याबरोबर दूर जाईल असे वाटते. परंतु खोलीच्या मागे वाऱ्याचा भोवरा तयार होतो आणि तो धुरास मागल्या दाराने आत ओढतो. पाण्याच्या लोंढ्यात दगडामागे जसा काडीकचरा उलटा फिरतो, तसेच हे आहे.

म्हणून नियम एकच, आणि त्यास अपवाद नाही: निजल्यावर बोटीवर काहीही जळत असता कामा नये. यंत्र बंद, जनरेटर बंद, चूल बंद, मेणबत्तीसुद्धा बंद. दिव्यापुरती वीज साठविलेल्या बॅटरीतून घ्यावी. आताचे दिवे फार थोडी वीज खातात. यंत्र सुरू करण्यासाठी एक बॅटरी निराळी राखावी. थंडीस उत्तर गोधडीचे आहे, शेगडीचे नाही. वायूची सूचना देणारे यंत्र बाजारात मिळते; ते निजण्याच्या जागी बसवावे आणि त्याची मुदत संपली की बदलावे. आणि वरचे झाकण बोटभर तरी उघडे ठेवावे.

हे सांगताना बोट दूर राहते आणि घर जवळ येते. सातपुड्याच्या पायथ्याची डिसेंबरातील थंडी सर्वांच्या परिचयाची आहे. खोलीची दारे-खिडक्या लावून कोळशाची शेगडी पेटवून निजणारी घरे आहेत. बाळंतिणीच्या खोलीत तर ती हमखास असते. बंद दुकानात जनरेटर चालतो, आणि त्याच्या शेजारी रखवालदार निजतो. जो वायू विंडरमियरच्या बोटीत होता तोच ह्या शेगडीतून निघतो. निखारे लाल झाले, धूर संपला, आता भय नाही, अशी समजूत आहे. ती प्राणघातक आहे. धूर संपल्यावरही हा वायू निघतच असतो, किंबहुना डोळ्यांस झोंबणारा धूर नसल्याने मनुष्य अधिक निर्धास्त होतो. शेगडीवर शेकावयाचे ते दार उघडे ठेवून शेकावे, आणि निजण्यापूर्वी शेगडी खोलीबाहेर न्यावी. सकाळी घरातील दोघांचे एकदम डोके दुखत असेल तर पित्त म्हणून आल्याचा काढा करीत बसू नये. प्रथम सर्वांस बाहेर मोकळ्या हवेत आणावे आणि मग दवाखाना गाठावा.

झाकण उघडे ठेवण्याचा दुसरा लाभ लहान आहे पण सकाळी समजतो. निजलेली माणसे रात्रभर श्वासावाटे ओलावा बाहेर टाकीत असतात. सगळ्यांचा मिळून तो पेल्यापेल्यांनी मोजण्याइतका होतो. बंद खोलीत तो गार छपराला लागून थेंब होतो आणि पहाटे अंथरुणावर टपटपतो. छप्पर गळते अशी तक्रार करणारे पुष्कळ असतात. छप्पर गळत नसते. त्यांचाच श्वास त्यांच्या अंगावर परत आलेला असतो.

पहाटे जलाशयावर धुके असते. पाण्याची थाप थांबलेली असते, कारण वारा पडलेला असतो. धुक्यातून वल्ह्याचा आवाज येतो, मग डोंगा दिसतो, मग त्यातील मनुष्य. तो जाळे ओढीत असतो आणि बोटीच्या दिव्याकडे पाहून आपली वाट थोडी बदलतो. अशा वेळी यंत्र लावण्याची घाई करू नये. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते; ती रात्रभरात बोटीच्या तळाशी उतरून बसलेली असू शकते, आणि एक ठिणगी तिला पुरे होते. म्हणून कप्प्याचे झाकण उघडून वास घ्यावा, वाफ बाहेर फेकणारा पंखा चार मिनिटे चालवावा, तळाशी पाणी साचले असेल तर उपसावे, आणि मगच किल्ली फिरवावी.

मग नाकाशी उभे राहून दोर हाताखाली गोळा करीत बोट नांगराच्या बरोबर वर आणावी. ओढ उभी झाली की तो आपोआप सुटतो. फाळ उचलला की औत सुटते तसा. वर आलेल्या नांगरास काळी, चिकट माती लागलेली असते. ती कापसाच्या रानातील माती आहे. ती वाळण्यापूर्वी पाण्यात दोनदा हिसळून धुवावी. एकदा वाळली की खरवडूनही निघत नाही.